उसाचे वजन व हिशेबाचा कागद

(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी भूगोल व गणित यांचा जोडपाठ : केनियातील मुमियास साखर कंपनी)

आफ्रिका खंडाचा भूगोल शिकविताना केनिया ह्या देशाच्या वाट्यास बहुधा चारच शब्द येतात : विषुववृत्त, चहा, कॉफी व वन्य पशू. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. परंतु ज्या गावात ऊस पिकतो, अथवा ज्या गावातून दिवाळीच्या सुमारास माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात, त्या गावच्या मुलांना ह्याच देशाचा एक भाग अगदी घरच्यासारखा वाटावा असा आहे. तेथेही उसाची मोळी बांधली जाते, गाडी काट्यावर जाते आणि बिलाची वाट पाहत दिवस मोजले जातात. ह्या पाठात भूगोल थोडा व गणित अधिक आहे. तसे करण्याचे कारण पुढील विवेचनावरून शिक्षकांच्या ध्यानी येईल.

मुमियास हे गाव केनियाच्या पश्चिमेस, आजच्या काकामेगा परगण्यात, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस आहे. वांगा लोकांचा राजा नाबोंगो मुमिया ह्याच्या नावावरून गावास हे नाव पडले. जवळून न्झोया नदी वाहते व पुढे व्हिक्टोरिया सरोवरास मिळते. भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच असल्याने विषुववृत्तालगत असूनही तेथे आपल्याकडील वैशाखासारखी काहिली नसते. पाऊस वर्षभर थोडाथोडा व मार्च ते मे ह्या महिन्यांत विशेष पडतो. त्यामुळे तेथील ऊस पाटाच्या पाण्यावर नव्हे, तर पावसावरच वाढतो. हवा थंडावा धरून असल्याने त्यास पक्व होण्यास अठरा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. आपला आडसाली ऊस मुलांना ठाऊक असेल, तर ह्या अठरा महिन्यांचे मोल त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. आपल्याकडे गाळपाचा हंगाम असतो. तेथे मात्र लागण पाळीपाळीने केलेली असल्याने कारखाना जवळजवळ वर्षभर चालू शकतो. असे का, हा प्रश्न मुलांना विचारावा व उत्तर नकाशावरून काढून घ्यावे.

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. त्यापूर्वी मिवानी (१९२२) व रामिसी (१९२७) येथे खासगी साखर कारखाने निघाले होते. परंतु देशास लागणारी पुष्कळ साखर बाहेरून आणावी लागे व तीत परकीय चलन खर्ची पडे. नव्या शासनाने हा धंदा स्वतः हाती घेण्याचे ठरविले. मुहोरोनी (१९६६) व चेमेलिल (१९६८) ह्यांच्या मागोमाग मुमियासचा क्रम लागला. १९६७ साली बुकर ह्या ब्रिटिश संस्थेकडून पाहणी करवून घेण्यात आली, १९७१ साली कंपनी स्थापन झाली आणि १९७३ साली साखर बाहेर पडू लागली. भांडवलात शासनाचा वाटा शेकडा ७० हून थोडा अधिक होता. कारभार चालविण्याचे काम मात्र बुकरकडेच सोपविलेले होते. तोवर त्या भागातील कुटुंबे मका, ज्वारी, नाचणी व कसावाचा कंद पिकवून पोट भरीत असत. रोख पैसा क्वचितच दिसे.

कंपनीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. कारखान्याभोवती तिचा स्वतःचा सुमारे ३,४०० हेक्टरांचा मळा होता. त्या जमिनीवरील कुटुंबांना मोबदला देऊन तेथून हलविण्यात आले होते. परंतु कारखान्यास लागणारा बहुतेक ऊस ह्या मळ्याबाहेरून, आसपासच्या लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांतून येई. पुढे अशा शेतकऱ्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली. त्यांच्यासाठी १९७५ साली एक निराळी संस्थाही काढण्यात आली. भरभराटीच्या काळात साऱ्या केनियात तयार होणाऱ्या साखरेपैकी निम्म्याच्या आसपास साखर एकट्या मुमियासची असे. रस्ते झाले, दुकाने आली, मुलांची शाळेची फी उसाच्या पैशातून भरली जाऊ लागली. हे सर्व खरे आहे व मुलांना ते आधी सांगितले पाहिजे. कंपनीने पुढे काय गमावले हे त्याशिवाय कळणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळावे. कंपनी व शेतकरी ह्यांत करार होई. करार लागणीचे एक पीक व त्यानंतरचे दोन खोडवे (म्हणजे आपल्या भाषेत खोडवा व निडवा) इतक्या मुदतीचा, सुमारे पाच वर्षांचा असे. नांगरट कंपनीचे ट्रॅक्टर करीत. बेणे व खत कंपनी देई. ऊस केव्हा तोडावयाचा हे कंपनी ठरवी, तोडणारी माणसे कंपनी पाठवी, वाहतूक कंपनी करवी, वजन कंपनीच्या काट्यावर होई आणि ह्या साऱ्यांचा खर्च व्याजासह वजा करून उरलेली रक्कम कंपनीच शेतकऱ्यास देई. शेतकऱ्याकडे उरे ती जमीन, खुरपणी व प्रतीक्षा. खुरपणीचे काम बहुतांशी घरातील स्त्रिया करीत. करार व बिल मात्र ज्याच्या नावे जमीन त्याच्या, म्हणजे बहुधा पुरुषाच्या नावे निघे. ज्या तुकड्यात पूर्वी मका व नाचणी पिकत होती तो पाच वर्षे उसाखाली गेल्यावर घरचे धान्यही विकत आणावे लागे. ते आणावयाचे ते अठरा महिन्यांनी एकदा येणाऱ्या त्याच पैशातून.

तेव्हा शेतकऱ्याच्या हाती येणारा एकमेव पुरावा म्हणजे हिशेबाचा कागद. तो ज्यास वाचता येत नाही त्यास आपल्या अठरा महिन्यांचे काय झाले हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. पाठाचा भर म्हणूनच ह्या कागदावर असावा.

फळ्यावरील हिशेब

खालील आकडे केवळ गणितासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही कारखान्याचे नव्हेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. केनियाचे चलन शिलिंग आहे.

एका शेतकऱ्याचा ऊस ६० टन भरला. दर टनास २,००० शिलिंग. एकूण किंमत १,२०,००० शिलिंग झाली. येथे क्षणभर थांबून मुलांना विचारावे, की हा शेतकरी श्रीमंत आहे काय? बहुतेक मुले होय म्हणतील. मग वजावट मांडावी. नांगरट १८,०००, बेणे १४,०००, खत १६,००० मिळून ४८,०००. ह्या उधारीवर द.सा.द.शे. १२ प्रमाणे १८ महिन्यांचे सरळव्याज ८,६४०. तोडणी व वाहतूक दर टनास ६०० प्रमाणे ३६,०००. एकूण वजावट ९२,६४० होते व हाती २७,३६० शिलिंग राहतात. त्यास १८ ने भागिले असता दरमहा १,५२० येतात. एक लाख वीस हजारांपासून पंधराशे वीसपर्यंत मुलांचे डोळे कसे उतरत येतात ते पाहावे. हा भागाकार वगळून पुढे जाऊ नये.

आता एकेक संख्या बदलावी.

तोडणी सहा महिने लांबली, म्हणजे २४ महिन्यांनी झाली असे धरू. वजन तेच ६० टन धरले तरी व्याज ११,५२० होते, शिल्लक २४,४८० राहते व दरमहा केवळ १,०२० पडतात. तोडणीचा दिवस शेतकऱ्याच्या हाती नव्हता हे येथे पुन्हा आठवण करून द्यावे.

तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला व त्याचे वजन शेकडा ५ ने घटून ५७ टन झाले असे धरू. किंमत १,१४,०००. तोडणी-वाहतूक ३४,२००. नांगरट, बेणे, खत व व्याज मात्र तितकेच. शिल्लक २३,१६० राहते. वजन घटले शेकडा ५, परंतु हाती येणारी रक्कम घटली शेकडा १५ हून अधिक. खर्च ठरलेला असतो, तूट मात्र सगळी शेवटच्या माणसाच्या वाट्यास जाते. हे वाक्य मुलांकडून पाठ करवून घेण्यापेक्षा त्यांच्याकडून ही वजाबाकी करवून घ्यावी. तोडलेल्या उसातील साखरही दोन दिवसांनंतर वेगाने उतरू लागते. वजनाची घट काट्यावर दिसते, साखरेची घट दिसत नाही. हुशार मुलांसाठी एवढी टीप पुरे.

अखेरीस ऊस ४० टनच भरला असे धरावे. किंमत ८०,०००. वजावट ४८,०००, ८,६४० व २४,००० मिळून ८०,६४०. उत्तर उणे ६४० येते. काही मुले गणित चुकले असे समजून पुसून टाकतील. त्यांना पुसू देऊ नये. अठरा महिने जमीन देऊन शेतकरीच कंपनीचे देणे लागतो, असे कागद मुमियासच्या घरांत खरोखर येत असत आणि ती बाकी पुढच्या खोडव्यातून वसूल केली जाई. ऋण संख्या शिकविण्यास ह्याहून समर्पक उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

कंपनीचा उतार

२००१ साली कंपनीचे भाग नैरोबीच्या शेअरबाजारात विक्रीस आले व पुढे शासनाचा वाटा शेकडा २० पर्यंत उतरला. २००९ साली चोयट्यांपासून वीज करण्याचा मोठा संच उभा राहिला, २०१२ साली मळीपासून इथेनॉल करण्याचा कारखाना निघाला. बाहेरून पाहणाऱ्यास ही प्रगतीच वाटावी. परंतु ह्याच सुमारास कर्ज वाढले, स्वस्त आयात साखरेने भाव पाडले, कारभारातील गैरव्यवहारांचे आरोप झाले व चौकश्या लागल्या. आसपास निघालेले नवे कारखाने रोख पैसे देऊन मुमियासच्या कराराचा ऊस उचलू लागले. कंपनी त्यास चोरी म्हणे. ज्याच्या मागच्या उसाचे बिल महिनोन्‌महिने थकलेले आहे तो शेतकरी त्यास काय म्हणत असेल, हा प्रश्न वर्गात चर्चेस द्यावा. मुलांची उत्तरे एकसारखी येणार नाहीत व यावीत अशी अपेक्षाही ठेवू नये.

बिले थकली तसे शेतकऱ्यांनी ऊस मोडून पुन्हा मका लाविला. ऊस आटला म्हणून गाळप घटले, गाळप घटले म्हणून बिले आणखी थकली. २०१५ साली शासनाने मदतीची रक्कम दिली, पण तिने हे चक्र थांबले नाही. २०१९ च्या सप्टेंबरात कर्ज देणाऱ्या बँकेने कंपनी आपल्या ताब्यात घेऊन तिच्यावर प्रशासक नेमला. २०२१ च्या अखेरीस कारखाना युगांडातील एका उद्योगसमूहास भाडेपट्ट्याने देण्याचे ठरले, त्यावर न्यायालयांत दावे उभे राहिले. इतकी यंत्रे, इतका मळा व शासनाचे इतके पाठबळ असताना जे आधी तुटले ते यंत्र नव्हते. बिल वेळेवर मिळेल हा विश्वास आधी तुटला.

महाराष्ट्रातील वाट निराळी होती. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता ह्यांच्या प्रयत्नांतून तो उभा राहिला. शासनाचे पाठबळ त्यासही होते, परंतु ऊस देणारा शेतकरी तेथे सभासद, म्हणजे मालक होता. मुमियासचा शेतकरी केवळ करारदार होता. सभासद असल्याने काटा आपोआप खरा होतो असे मात्र नाही, आणि शिक्षकांनी मुलांना तसे सांगूही नये. वार्षिक सभेत अहवाल हाती घेऊन प्रश्न विचारण्याचा हक्क सभासदास असतो. अहवाल वाचता आला तरच त्या हक्कास अर्थ. भारतात १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. बिलावरील दोन तारखांतील अंतर मोजणे हा चौथीच्या मुलासही जमणारा अभ्यास आहे.

वर्गातील दक्षता

शक्य तेथे खरे ऊसबिल व काट्याची पावती वर्गात दाखवावी. तथापि ती कोणत्याही विद्यार्थ्याच्या घरून मागवू नये. घरचे देणे चारचौघांत उघडे पडल्यास ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच असे नाही. गावातील एखाद्या शेतकऱ्याकडून जुने बिल मागून घ्यावे, नाव व खाते क्रमांक झाकून त्याची नक्कल फळ्यावर करावी.

वर्गात ऊसतोड कामगारांची मुले असतील तर हा पाठ दिवाळीपूर्वी, ती गावात असतानाच घ्यावा. पुष्कळ शाळांत ह्या मुलांना मागे पडलेली समजून शेवटच्या रांगेत बसविले जाते. ह्या पाठापुरती तरी त्यांना पुढे बोलवावे. मोळीत साधारण किती ऊस येतात, ती किती किलो भरते, एक कोयता, म्हणजे नवराबायको मिळून, दिवसास किती टन तोडतो, उचल घेतलेली रक्कम हंगामाअखेर कशी फेडली जाते, हे त्यांना शिक्षकांहून अधिक ठाऊक असते. त्यांच्या तोंडचे आकडे फळ्यावर लिहावेत, त्यांवरूनच टन व किलो ह्यांची उदाहरणे घालावीत. उचलीवरून मात्र कोणत्याही मुलास त्याच्या घरची रक्कम विचारू नये. आकडा शिक्षकांनीच घालावा आणि दर दिवसाची तोडणी व टनाचा दर धरून तो फिटण्यास किती दिवस लागतील हे मुलांना काढू द्यावे. पावसाने चार दिवस काम बंद राहिले तर उत्तर कसे बदलते, हे शेवटचे उदाहरण म्हणून द्यावे.