मैत्रिणीवर पहारा नको

प्रश्न : अमरावतीच्या मैत्रिणीला सिकलसेल आहे. चिखलदऱ्याला तिला न्यावं का? मी जपायला गेले की ती चिडते. – एक वाचक, अकोला

उत्तर : तिचं चिडणं मला पटतं. यायचं की नाही, ते तिलाच ठरवू द्या. जन्मापासूनच्या या आजाराच्या खुणा तिला तुमच्याआधी कळतात. शरीरातलं पाणी कमी झालं, गारठा लागला किंवा अतिश्रम झाले की लालपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, अन् हाडं ठणकतात. म्हणून पाण्याच्या बाटल्या, स्वेटर घ्या, वाटेत सगळ्यांसाठीच थांबा. "दुखलं तर काय करू?" हे निघण्याआधी एकदाच विचारा. मात्र ताप, छातीत दुखणं किंवा धाप दिसली, तर ती "राहू दे" म्हणाली तरी लगेच दवाखाना गाठा.