झ्यूस्त फाँतेन यांची कारकीर्द

फुटबॉलमध्ये आघाडीस खेळणाऱ्या खेळाडूचे मोजमाप गोलांच्या संख्येवरून करण्याचा प्रघात आहे. ही रीत सोपी खरी. परंतु तिच्यामुळे मनुष्याचे चरित्र अर्धेच कळते. फ्रान्सचे झ्यूस्त फाँतेन यांच्या बाबतीत असेच घडले. १९५८ साली स्वीडनमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेत त्यांनी तेरा गोल केले, एवढे क्रीडाप्रेमी लोकांस ठाऊक असते. त्यानंतर चारच वर्षांनी, वयाची एकोणतीस वर्षे पुरी होण्यापूर्वी, त्यांना खेळ कायमचा सोडावा लागला, आणि पाय जायबंदी असतानाच त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक मोठे काम हाती घेतले, ही हकीगत मात्र मागे पडते.

फाँतेन यांचा जन्म १८ ऑगस्ट १९३३ रोजी मोरोक्कोतील माराकेश शहरी झाला. आफ्रिकेच्या वायव्य टोकास असलेला हा देश त्या वेळी फ्रान्सच्या अंमलाखाली होता. पाठ घेताना तो नकाशात दाखवावा, म्हणजे फ्रान्सचा खेळाडू आफ्रिकेत कसा जन्मला हे मुलांना सहज उमगेल. त्यांचे वडील फ्रेंच व आई स्पॅनिश होती. कासाब्लांका येथील संघातून काही वर्षे खेळल्यावर १९५३ साली ते धंदेवाईक खेळाडू म्हणून दक्षिण फ्रान्समधील नीस येथे आले. या संघाने १९५४ साली फ्रान्सचा चषक व १९५६ साली लीगचे अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी फाँतेन रँस येथील नामांकित संघात दाखल झाले.

१९५७ च्या अखेरीस त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. हे संकटच होते. तथापि सक्तीच्या विश्रांतीमुळे पुढील उन्हाळ्यात ते ताजेतवाने राहिले. स्वीडनमध्ये मुख्य संघात त्यांची जागा निश्चित नव्हती. रने ब्लियार यांचा घोटा ऐन वेळी दुखावला, म्हणून मधल्या आघाडीची जागा फाँतेन यांच्याकडे आली. त्यांतच त्यांचे बूट फाटले. बूट बनविणाऱ्या कंपन्यांनी खेळाडूंवर पैशांची खैरात करण्याचे दिवस अजून यावयाचे होते. सहकारी स्तेफान ब्रुए यांच्या पायाचे माप सुदैवाने सारखेच निघाले व त्यांचे बूट उसने घेऊन फाँतेन मैदानात उतरले.

पॅराग्वेविरुद्ध तीन, युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन, स्कॉटलंडविरुद्ध एक, उत्तर आयर्लंडविरुद्ध दोन, ब्राझीलविरुद्ध एक आणि पश्चिम जर्मनीविरुद्ध चार. ही बेरीज चौथीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल. पण तिच्यात एक गोष्ट येत नाही. रेमाँ कोपा हे चेंडू पायाशी खेळवीत प्रतिपक्षाचे रक्षक आपल्याकडे ओढून घेत. त्यामुळे जी वाट मोकळी होई तिच्यातून फाँतेन वेगाने पुढे धावत आणि नेमक्या क्षणी चेंडू त्यांच्यापुढे येई. शेवटच्या फटक्याचे श्रेय एकट्याच्या नावे लिहिले जाते, हा हिशेबाचा दोषच म्हणावा लागेल.

उपान्त्य सामन्यात ब्राझीलवर त्यांनी केलेला गोल विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्या स्पर्धेत तोवर ब्राझीलवर कोणीही गोल केला नव्हता. दोन्ही पक्षांचा एकेक गोल झालेला असताना फ्रान्सचे कर्णधार रोबेर झोंके यांचा पाय मोडला. बदली खेळाडू घेण्याची मुभा त्या काळी नव्हती. फ्रान्सचा २–५ असा पराभव झाला, आणि सतरा वर्षांच्या पेले यांनी तीन गोल केले. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात मात्र फ्रान्सने पश्चिम जर्मनीवर ६–३ असा विजय मिळविला.

मार्च १९६० मध्ये एका सामन्यात फाँतेन यांच्या पायाची हाडे मोडली. ती सांधून ते परतले. पण जानेवारी १९६१ मध्ये तोच पाय पुन्हा मोडला. फ्रान्सच्या वतीने २१ सामन्यांत ३० आणि फ्रेंच लीगच्या वरिष्ठ श्रेणीत २०० सामन्यांत १६५ गोल, येथे त्यांचा हिशेब थांबला. १९६२ मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली.

त्या वेळच्या फ्रान्समध्ये धंदेवाईक खेळाडू वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत आपल्या क्लबाशी करारान्वये बांधलेला असे. क्लबाने विकल्याखेरीज त्याला दुसरीकडे जाता येत नसे. आणि पाय मोडला तर चरितार्थाचे साधनच जाई. नोव्हेंबर १९६१ मध्ये फाँतेन आणि मूळचे कॅमेरूनचे खेळाडू यूजेन न्जो-लेआ यांनी इतरांच्या साहाय्याने धंदेवाईक फुटबॉलपटूंची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. फाँतेन हे तिचे पहिले अध्यक्ष होत. ज्याच्यापाशी स्वतःसाठी मागण्यासारखे फारसे उरले नव्हते, अशा मनुष्याने ही जबाबदारी घेतली हे ध्यानात घेतले पाहिजे. १९६३ मध्ये कोपा यांनी खेळाडूंची तुलना गुलामांशी केली, तेव्हा त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. ठराविक मुदतीचे करार १९६९ मध्ये लागू झाले. फाँतेन यांना खेळाडू म्हणून त्यांचा काहीच उपयोग होणार नव्हता.

पुढे ते प्रशिक्षक झाले. १९६७ मध्ये फ्रान्सचा संघ त्यांच्याकडे सोपविण्यात आला. दोन सामने झाले व दोन्ही हरले. पॅरिस सँ-झर्मँ या संघास मात्र त्यांनी १९७४ मध्ये वरिष्ठ श्रेणीत नेले. जन्मभूमी मोरोक्कोचा संघ त्यांच्या हाताखाली १९८० च्या आफ्रिका चषक स्पर्धेत तिसरा आला.

१ मार्च २०२३ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वीडननंतर तोवर सोळा विश्वचषक स्पर्धा होऊन गेल्या होत्या. त्यांपैकी एकाच स्पर्धेत दहा गोलांपर्यंत पोहोचणारे केवळ जर्मनीचे गेर्ड म्यूलर निघाले, तेही १९७० साली.