पिकअपचे पाटे वाढवण्याआधी काटा करून या

डोंबिवली, कल्याण, मुंब्रा, भिवंडी या पट्ट्यात आपले बरेच बांधव फॅब्रिकेशन, मार्बल, प्लायवूड आणि फर्निचरच्या धंद्यात आहेत. पूर्वी माल भाड्याच्या टेम्पोने यायचा, आता अनेकांच्या दारात स्वतःची पिकअप उभी असते. हप्त्याची गाडी म्हटली की प्रत्येक खेपेला जास्तीत जास्त माल भरावासा वाटतो, आणि मग काही महिन्यांत गाडीची मागची बाजू बसू लागते. अशा वेळी कोणीतरी हमखास सल्ला देतो, "दोन पाटे वाढवून घ्या शेठ, निश्चिंत व्हा." हा सल्ला एकदा आम्हीही मानला होता. त्याचे काय झाले ते आधी सांगतो.

आमची पिकअप १७०० किलो क्षमतेची. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रा आणि पाइप भरायचे आणि तळोजा, खोणी, काटई या रस्त्याने डोंबिवलीच्या एमआयडीसीत आणायचे, हे तिचे नेहमीचे काम. एका कारागिराने दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा घालून दिला. गाडी ताठ उभी राहिली, आम्ही खूश झालो. रिकामी असताना ती खड्ड्यात उड्या मारू लागली, तेही मनावर घेतले नाही. दोनेक महिन्यांनी खोणीच्या पुढे मोठा आवाज झाला. उतरून पाहतो तो नवा जाड पाटाच मधोमध तुटलेला, सेंटर बोल्ट कापला गेलेला आणि एका बाजूचे चाक मागे सरकून एक्सल तिरका झालेला. वेग कमी होता म्हणून निभावले. जुने पातळ पाटे मात्र शाबूत होते, आणि आमचे डोके चक्रावले ते इथेच. जाड पाटा आधी तुटतो कसा?

याचे उत्तर पुढे एका जुन्या मिस्त्रीने समजावले, आणि हिशेब मांडून पाहिला तर तो अगदी बरोबर निघाला. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या पाट्याऐवजी त्याच लांबी-रुंदीचा १० मिलिमीटरचा पाटा घातला तर जाडी सव्वापट होते, पण तो पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. आता संचातले सगळे पाटे यू बोल्टने एकत्र बांधलेले असल्यामुळे खड्ड्यात सगळ्यांना सारखेच वाकावे लागते. सारखेच वाकताना जाड पाट्याच्या पोलादावर ताण सव्वापट येतो. म्हणजे सोबतचे पाटे आरामात वाकत असतात आणि हा एकटा रोज मर्यादेपर्यंत ओढला जातो. शेवटी तुटतो तोच, आणि बहुतेक वेळा मध्ये, जिथे सेंटर बोल्टसाठी भोक पाडलेले असते. म्हणून संचात पाटा वाढवायचाच असेल तर तो इतर पाट्यांच्या जाडीचा असावा, जाड नव्हे.

आमच्या बाबतीत आणखी एक चूक झाली होती. पाट्याला हवा तेवढा बाक नव्हता, म्हणून कारागिराने तो गॅसवर लाल करून वाकवला होता. पाट्याचे पोलाद कारखान्यात तापवून तेलात बुडवतात आणि मग पुन्हा ठराविक उष्णतेवर ठेवून त्याला लवचीकपणा देतात. गॅसने लाल केले की त्या जागचे ते पाणी उतरते. मग तो भाग एक तर मऊ पडून बसतो, नाही तर ठिसूळ होऊन तुटतो. बाक थंड पाट्याला ठोकूनच द्यावा. आपले पाटेवाले हातोड्याने हे काम सफाईने करतात. गॅसची नळी पुढे आली की नम्रपणे नको म्हणावे.

पण मुळात पाटे वाढवायची गरज आहे का, हे गॅरेजमध्ये कळत नाही, वजनकाट्यावर कळते. आम्ही हे उलट्या क्रमाने केले, वाचकांनी तसे करू नये. नेहमीचा माल भरून, ड्रायव्हर आणि हमालासह गाडी काट्यावर न्यावी. एकदा पूर्ण वजन घ्यावे, मग पुढची चाके काट्याबाहेर काढून फक्त मागच्या चाकांचे. आरसीवर लिहिलेल्या भरलेल्या वजनाशी पहिला आकडा ताडून पाहावा. दुसरा आकडा मागच्या एक्सलच्या मर्यादेशी ताडावा, ती गाडीच्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या पट्टीवर मिळते.

काट्यावर न जाताही अंदाज येतो. ३ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटांचा लोखंडी पत्रा सुमारे ७० किलोचा असतो, म्हणजे असे २४ पत्रे भरले की १६८० किलो झाले आणि आमची गाडी भरली. ५ मिलिमीटरचा तोच पत्रा ११७ किलोच्या घरात जातो. मार्बल किंवा ग्रॅनाइटचा १८ मिलिमीटरचा स्लॅब चौरस फुटाला साधारण साडेचार किलो धरावा. पावणेचारशे चौरस फुटांत हीच गाडी संपते. डोळ्यांना मात्र हौदा अर्धा रिकामा दिसतो, आणि फसगत होते ती तिथेच. लाकडी फर्निचरवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा हौदा आधी भरतो आणि वजन नंतर.

माल कुठे ठेवला यालाही तेवढेच महत्त्व आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असलेली गाडी घ्या. ५०० किलोच्या मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे पडला, तर मागच्या पाट्यांवर ५०० नव्हे, सुमारे ६६७ किलो येतात आणि पुढचा भाग १६७ किलोने हलका होतो. स्टिअरिंग हलके लागते, पावसात ब्रेक मारला की पुढची चाके घसरतात. वीस फुटी पाइप नऊ फुटी हौद्यात मागे लोंबत ठेवणाऱ्यांना हा अनुभव असेलच. माल मर्यादेबाहेर मागे लोंबवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आहे, तो वेगळाच. पाइप कापून आणणे किंवा मोठी गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडते.

समजा वजन मर्यादेत निघाले, तरीही गाडी बसते. मग दोष बहुधा थकलेल्या पाट्यांचा असतो. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून हबच्या मध्यापासून चासीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडून पाहावे. रिकामी असतानाच बाक गेला असेल तर पाटे वाढवू नयेत, कंपनीच्या मापाचा पूर्ण संच बदलावा, दोन्ही बाजूंचा एकदम. सोबत बुश आणि शॅकल पिनाही पाहाव्यात. पुष्कळ जण शॉकअप बदलून गाडी उचलली जाईल या आशेवर राहतात. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त उसळी थांबवतो.

माल कधी हलका, कधी पूर्ण क्षमतेचा असेल तर हेल्पर पाटा बरा. तो मुख्य संचाच्या वर थोडे अंतर सोडून बसवलेला असतो आणि गाडी भरून खाली आली तरच टेकतो. त्यामुळे रिकाम्या गाडीची चाल बिघडत नाही. काही पिकअपना तो कंपनीतूनच येतो, तेव्हा आधी आपल्याकडे आहे का आणि तो शाबूत आहे का ते पाहावे. रबराचे ठोकळे याच तत्त्वावर चालतात, स्वस्त आणि बिनकटकटीचे असतात. परदेशात पिकअपच्या मागे हवेच्या पिशव्या लावण्याची पद्धत आहे, आपल्याकडेही काही जण त्या मागवतात. खडी आणि चिखलात पिशवी फाटली तर भर रस्त्यात दुरुस्ती कोण करणार, हा आमचा साधा प्रश्न आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी एक वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि एक्सल यांच्यामध्ये एक दांडी जोडलेली असते. गाडी मालाने खाली बसली की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. पाटे कडक केले की भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणजे माल वाढला आणि ब्रेक घटला. पाट्यांचे कोणतेही काम केल्यावर हा व्हॉल्व्ह जाणकाराकडून जुळवून घेणे आवश्यक आहे. आमच्या पाटेवाल्याने त्याचे नावही काढले नव्हते, आणि आम्हालाही विचारायचे सुचले नव्हते.

वजन मर्यादेबाहेर निघाले तर पाट्यांचा विषयच संपतो. पाटे वाढवल्याने एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची क्षमता वाढत नाही, आरसीवरचा आकडाही बदलत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च मालकाचा. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. कल्याण आरटीओत पासिंगला जाण्याआधी पाटे काढून ठेवणारे आम्हाला माहीत आहेत. तसे करावे लागते यातच सर्व आले.

आम्ही शेवटी जुन्या मापाचा नवीन संच घातला, हेल्पर पाटा सरळ करून घेतला आणि जाड पत्र्याच्या मोठ्या ऑर्डरी दोन खेपांत आणू लागलो. डिझेल थोडे जास्त जाते. संच बसवल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर, भरलेल्या गाडीवर, यू बोल्ट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. ते ढिले राहिले तर सेंटर बोल्ट पुन्हा कापला जाईल. आमच्या मिस्त्रीने त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत, फक्त जुम्याच्या दुपारी येऊ नका म्हणाले.