व्यसन जन्मावरून ठरते काय?



"बाप दारुडा, म्हणजे मुलगाही त्याच वाटेने जाणार," असे उद्गार आपल्या वस्त्यांत आपण नेहमी ऐकतो. हेच वाक्य उद्या प्रयोगशाळेच्या कागदावर छापून आले तर? डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'अ‍ॅव्हर्टडी' नावाच्या चाचणीस मान्यता दिली. गालाच्या आतून पेशी घ्यावयाच्या, १५ जनुकीय खुणा तपासावयाच्या आणि अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन जडण्याचा धोका त्या माणसास अधिक आहे काय, हे सांगावयाचे. या गोळ्यांनी अमेरिकेत असंख्य संसार उद्ध्वस्त केले असल्याने हेतू चांगला होता यात शंका नाही. पण हेतू चांगला म्हणून चाचणी खरी ठरत नाही.

आनुवंशिकतेचा वाटा

मद्यासक्तीच्या बाबतीत माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे निम्मा फरक आनुवंशिक कारणांनी असतो, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आढळले आहे. मात्र तो एका जनुकाचा खेळ नसून अनेक जनुकांचा अल्प अल्प वाटा त्यात असतो.

'एएलडीएच-२' हे जनुक त्यातल्या त्यात प्रभावी. चीन, जपान, कोरियात अनेकांच्या ठायी त्याचे असे रूप असते की, मद्य घेताच चेहरा लाल होतो, मळमळते. साहजिकच ही माणसे मद्यापासून दूर राहतात. तरीही जपानमधील मद्यासक्त रुग्णांत हे रूप असणारांचे प्रमाण १९७९ साली २.५ टक्के होते, ते १९९२ साली १३ टक्के झाले. तेरा वर्षांत जनुके बदलली नाहीत. बदलला तो भोवतालचा समाज.

हिशेब काय सांगतो?

आम्ही बँकेत नोकरी करीत असल्याने खोट्या नोटेचे उदाहरण देतो. गठ्ठ्यात खोट्या नोटा थोड्या असतील आणि यंत्र कच्चे असेल, तर ते बाजूला काढील त्यांत खऱ्याच नोटा अधिक निघतील. अ‍ॅव्हर्टडीची मूळ पाहणी केवळ ३८५ जणांवर झाली. तीत व्यसनाधीनांपैकी सुमारे ८३ टक्के आणि निर्व्यसनी लोकांपैकी सुमारे ७९ टक्के बरोबर ओळखले गेले. आता समजा, हजार माणसांत ५० जणांना खरा धोका आहे. चाचणी त्यांतील ४१ जणांना पकडील. पण उरलेल्या ९५० पैकी सुमारे २०० जणांवरही विनाकारण शिक्का मारील. शिवाय नऊ जण 'आपण सुरक्षित' या भ्रमात राहतील, ते निराळेच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या सल्लागार समितीने ११ विरुद्ध २ मतांनी प्रतिकूल कौल दिला होता. पुढे त्याच खुणा साडेचार लाखांहून अधिक अमेरिकी माजी सैनिकांच्या माहितीवर पडताळल्या गेल्या. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांची अचूकता नाणेफेकीहून फारशी वेगळी आढळली नाही.

जन्माचा शिक्का

२०२१ च्या एका अभ्यासाने तर असे दाखविले की, अशा प्रकारच्या खुणांवर बेतलेली गणिते व्यसन ओळखण्याऐवजी माणसाचा वंश ओळखून बसतात. येथे आपण सावध झाले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने या देशातील कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि तो डाग कायद्याच्या पुस्तकातून पुसावयास १९५२ साल उजाडावे लागले. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा, हा तथागतांचा उपदेश आपण स्वीकारला आहे. जुना शिक्का विज्ञानाच्या शाईने पुन्हा उमटू नये.

आपले कर्तव्य

आम्ही विज्ञानविरोधी नाही. उद्या खरी, कसोटीस उतरलेली चाचणी निघाली तर तिचे स्वागतच करू. मात्र निकाल गुप्त राहावा, त्यावरून कोणाची नोकरी वा विमा अडू नये आणि वेदनेने तळमळणाऱ्यास औषध नाकारले जाऊ नये, एवढी हमी हवी.

पगाराच्या दिवशी नवऱ्याआधी काउंटरशी पोहोचण्याची धडपड करणारी माउली आम्ही अनेकदा पाहतो. तिच्या मुलाला चिठ्ठीवरचे भाकीत नको. अभ्यासिका, खेळाचे मैदान आणि पाठीवर हात ठेवणारा वडीलधारा हवा. पाचवे शील आपण सर्वांनी घेतले आहे, कारण मोह सर्वांनाच असतो. विद्यार्थी मित्रहो, वडिलांच्या व्यसनाची लाज बाळगू नका व भीतीही बाळगू नका. तो सावधगिरीचा इशारा आहे, शिक्षा नव्हे. पहिला पेला नाकारणे तुमच्याच हाती आहे.

जयभीम!