हिमालयातील बर्फ आणि आपली केळीबाग



बऱ्हाणपुरात बर्फ पडत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी तो नाताळच्या भेटकार्डावरच पाहिला असेल. तरीही जानेवारी-फेब्रुवारीत काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांवर पडणाऱ्या बर्फाशी आपल्या केळीबागेचा, कापणीला आलेल्या हरभऱ्याचा आणि घरातल्या तान्ह्या बाळाच्या छातीचा जवळचा संबंध आहे. हा संबंध समजला, तर हिवाळ्याच्या अखेरच्या लहरी हवेत होणारे पुष्कळसे नुकसान टाळता येते. तोच या पाठाचा विषय आहे.

१. ही हवा येते कोठून?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूला कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. संत पौलाला रोमकडे नेणारे जहाज हिवाळ्याच्या तोंडावर ज्या समुद्रात वादळात सापडून फुटले, तोच हा समुद्र. तेथून ही क्षेत्रे उंचावरच्या वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन भिडतात. हवामानाच्या बातम्यांत आपण ‘पश्चिमी विक्षोभ’ हा शब्द ऐकतो, तो यांच्याविषयीच. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा विक्षोभ येतात. त्यांच्यामुळे पर्वतावर बर्फ पडतो, पंजाब-हरियाणाच्या गव्हाला पाऊस मिळतो, आणि तोच बर्फ उन्हाळ्यात वितळून उत्तरेच्या नद्यांना पाणी पुरवतो. म्हणजे ही मुळात शत्रूसेना नव्हे.

प्रत्येक विक्षोभ आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पण एखादा जोरदार असला म्हणजे तापीखोऱ्यात हवा बहुधा तीन पायऱ्यांनी बदलते.

पहिली पायरी : वारा दिशा बदलतो, समुद्रावरची दमट हवा येते, आकाशात पातळ ढग पसरतात. रात्री ढग जमिनीवर गोधडीसारखे पांघरले जातात, त्यामुळे उकडू लागते.

दुसरी पायरी : ढग दाटतात, गडगडाट होतो, पाऊस पडतो, क्वचित गाराही पडतात.

तिसरी पायरी : आकाश निवळते. बर्फाच्या प्रदेशावरून कोरडा गार वारा उतरतो. गोधडी निघून गेल्यामुळे जमिनीची ऊब रात्रभर आकाशात निघून जाते आणि पहाटे कडाक्याची थंडी पडते.

यातून एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची. फेब्रुवारीतील उबदार रात्र ही थंडी संपल्याची खूण असेलच असे नाही. पुष्कळदा ती पुढच्या थंडीची आगाऊ सूचना असते. आपण मात्र त्याच रात्री स्वेटर पेटीत टाकतो, गव्हाच्या पेंढ्या उघड्यावर ठेवतो आणि बागेचे पाणी पुढे ढकलतो. आकाशाचा रंग पाहून हवा ओळखणाऱ्या लोकांविषयी प्रभू येशू बोलला आहे (मत्तय, अध्याय १६). ती ओळख आपण पुन्हा शिकली पाहिजे.

२. केळी आणि थंड रात्र

केळ हे उष्ण प्रदेशाचे झाड. रात्रीचे तापमान १२ अंशांच्या खाली जाऊ लागले की त्याची वाढ जवळजवळ थांबते. पाने पिवळी पडून करपतात. ज्या झाडांची निसवण याच दिवसांत येते, त्यांचा घड बुंध्याच्या तोंडाशी अडकतो किंवा वाकडातिकडा बाहेर येतो. फण्या लहान राहतात. तयार फळाच्या सालीवर थंडीने मळकट, काळपट छटा येते आणि व्यापारी भाव पाडतो. पिकलेली केळी आपण घरच्या फ्रिजमध्ये ठेवत नाही, आणि शीतगृहातही केळी १३ ते १४ अंशांच्या खाली ठेवीत नाहीत, त्याचे कारण हेच.

तेव्हा आकाश निवळून उत्तरेचा वारा सुटला की त्याच संध्याकाळी पुढील गोष्टी कराव्यात.

(अ) बागेला संध्याकाळी किंवा रात्री पाणी द्यावे. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असते, आणि ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा ऊब जास्त वेळ धरून ठेवते.

(आ) बागेच्या कडेने, वाऱ्याच्या बाजूला, ओलसर काडीकचरा पेटवून मध्यरात्रीनंतर धूर करावा. धूर जमिनीलगत पसरला तरच त्याचा उपयोग. आग झाडांपासून दूर ठेवावी व जवळ माणूस असावा.

(इ) घड केळीच्या कोरड्या पानांनी किंवा पिशव्यांनी झाकावेत. हिरवी, निरोगी पाने या दिवसांत कापू नयेत. तीच बागेचे छप्पर आहेत. करप्याने वाळलेला भाग तेवढा काढून बागेबाहेर नेऊन नष्ट करावा.

(ई) नाल्याकाठच्या, सखल भागातील बागेकडे आधी पाहावे. थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी खाली उतरून सखल जागी साचते. पुढच्या लागवडीच्या वेळी बांधावर शेवरीची दाट ओळ लावली, तर थंड व उष्ण दोन्ही वाऱ्यांना अडसर होतो.

३. गारा पडल्यावर

जुलैच्या मुसळधार पावसात गारा क्वचितच पडतात, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये का? उंच ढगाच्या वरच्या भागात गारा पावसाळ्यातही तयार होतात. पण त्या वेळी हवा खूप उंचीपर्यंत उबदार असते, म्हणून खाली येताना त्या वितळून पाणी होतात. हिवाळ्याच्या अखेरीस जमीन दुपारी तापलेली असते, वर मात्र विक्षोभाने आणलेली थंड हवा असते. अशा वेळी ढग वेगाने उंच चढतात, आणि गार वितळण्यापूर्वीच शेतात येऊन आदळते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात अशीच गारपीट होऊन उभा गहू, हरभरा आणि फळबागा झोडपल्या गेल्या. गार माणसाचाही जीव घेते : ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसे मरण पावल्याची नोंद आहे. म्हणून ढग गडगडू लागताच माणसे व जनावरे पक्क्या छपराखाली गेली पाहिजेत. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर आत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली कधीही थांबू नये.

गारांनी फाटलेली बाग पाहून घाईने सगळी तोडू नये. आधी दोन गट करावेत. ज्या झाडांची निसवण अजून व्हावयाची आहे, त्यांचा कोंब बुंध्याच्या आत सुरक्षित असतो. ऊब येताच नवी पाने फुटतात. ती झाडे राखावीत. ज्यांची निसवण झाली आहे, त्यांना मात्र नवे पान येत नाही. उरलेल्या पानांवरच घड पोसावा लागतो. पाने बरीच शाबूत असतील तर झाडाला टेकू देऊन घड ठेवावा. पानांच्या नुसत्या चिंध्या उरल्या असतील तर झाड कापून जोमदार पिलाला वाव द्यावा. साचलेले पाणी काढून द्यावे. गारांच्या जखमांतून बुरशी शिरते, म्हणून कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने एकदोन दिवसांत बुरशीनाशक फवारावे. युरियाची घाई करू नये. झाड सावरल्यावर थोडे खत द्यावे.

कापलेला हरभरा व गहू उबदार ढगाळ संध्याकाळीच ताडपत्रीखाली घ्यावा. भिजलाच तर ढीग न घालता पातळ पसरून वाळवावा. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत कोठीत भरू नये.

नुकसानीची नोंद हेही शेतीचेच काम आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ पासून चालू आहे. विमा उतरवलेल्या पिकाचे गारपिटीने नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवावे लागते. १४४४७ या क्रमांकावरही कळवता येते. विमा नसेल तरी आपल्या राज्यात राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ नुसार मदत मिळते. त्यासाठी पटवारी येईपर्यंत शेत साफ करू नये, छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पंचनाम्यावर काय लिहिले आहे ते वाचून, समजून मगच सही करावी.

४. बदलती हवा आणि लहान मुले

पहाटे हुडहुडी आणि दुपारी घाम, अशा दिवसांत घरोघर खोकला सुरू होतो. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठवडाभरात बरी होते. भीती असते ती न्यूमोनियाची, आणि तो ओळखण्यासाठी घड्याळ पुरे. मूल शांत असताना त्याचा अंगरखा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा ओठ निळसर झाले असतील, तर सकाळची वाट पाहू नये; १०८ ला फोन करून इस्पितळ गाठावे.

शेजारच्या मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल आहे. तिला डंबा म्हणतात. आपल्या राज्याच्या काही भागांतही डागण्याची चाल आढळते. डाग दिल्याने रोग जात नाही. दुखण्यात भाजल्याची जखम आणि जंतूंचा शिरकाव यांची भर पडते, आणि उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. असे कोणी करताना दिसले तर रागावून नव्हे, पण ठामपणे थांबवावे आणि त्या आईबरोबर स्वतः दवाखान्यात जावे.

नवजात बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून पांघरूण घ्यावे व पहिला चीक अवश्य पाजावा. न्यूमोनियापासून रक्षण करणारी पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा मोफत मिळते. कार्ड आशाताईंना दाखवून राहिलेला डोस पूर्ण करावा.

५. मोठ्यांसाठी दोन इशारे

बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधीही झोपू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. शेकोटी बाहेरच घ्यावी आणि विझवून मग झोपावे.

दुसरा इशारा रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या बांधवांना. थंडीत घोटभर दारूने ऊब येते हा भ्रम आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून क्षणभर गरम वाटते. प्रत्यक्षात शरीराची उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. कानटोपी, पायात रबरी बूट, बरोबर कोरडे कपडे आणि गरम चहा, हीच खरी ऊब. रक्तदाब व दमा असलेल्या वडीलधाऱ्यांनी औषध न चुकवता घ्यावे आणि ऊन वर आल्यावरच फिरायला निघावे.

६. गारा कोणाच्या पापाच्या?

एकाचे शेत झोडपले जाते आणि बांधापलीकडचे वाचते. मग कुजबूज सुरू होते की त्याने काहीतरी केले असेल. आपला पिता सूर्य व पाऊस सज्जन-दुर्जन दोघांनाही देतो, अशी प्रभूची शिकवण आहे (मत्तय, अध्याय ५). गार कोणाचा हिशेब चुकता करण्यासाठी पडत नाही. पूर्वी युरोपात वादळ व गारा टळाव्यात म्हणून देवळाच्या घंटा वाजवीत. उंच मनोऱ्यावर वीज पडून घंटा वाजवणारेच मरू लागले, तेव्हा १७८६ साली पॅरिसच्या न्यायसभेने या प्रथेवर बंदी घातली. त्यामुळे श्रद्धेचे काही बिघडले नाही. माणसे मात्र वाचली. प्रार्थना करावीच, आणि ताडपत्रीही आणावी.

आणखी एक गोष्ट. शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा होतो. घड कापणाऱ्या, वाहणाऱ्या मजुराच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोणी करीत नाही. बाग पडली की त्याची चूलही थंडावते. प्रायश्चित्तकाळात आपण उपवास करून जे वाचवतो, ते अशा घरी धान्याच्या रूपाने पोहोचले, तर आपला उपवास सार्थकी लागेल.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत सखल जागी कोणाकोणाच्या बागा आहेत? थंडीच्या रात्री त्यांना पाळीपाळीने मदत कशी करता येईल?

२. पाच वर्षांखालील मुलांचे श्वास मोजण्यास आपल्या गटातील किती माता शिकल्या आहेत? उरलेल्यांना कोण शिकवील?

३. गारपिटीनंतर रोजगार बुडालेल्या कुटुंबांची यादी कोण करील, आणि मदत किती दिवसांत पोहोचेल?