दुहेरी प्रवाहाचा बंदोबस्त : इंदुरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

पुण्यामुंबईहून वा नागपुराहून येऊन इंदुरात स्वतःचे घर करणाऱ्या कुटुंबास येथील जुनी मराठी मंडळी हल्ली छपरावर सौरसंच बसविण्याचा सल्ला हटकून देतात. आणि मालव्याचे ऊन, तसेच फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून 3 किलोवॉटच्या संचास मिळणारे 78,000 रुपयांचे अनुदान पाहता तो सल्ला योग्यच आहे. परंतु बचतीचा हिशेब जितक्या हौसेने मांडला जातो तितक्या आस्थेने जोडणीच्या सुरक्षिततेचा विचार होत नाही. म्हणून येथे स्थिरावलेल्या घरांच्या अनुभवांतून निवडलेल्या पुढील सूचना.

अर्ज आणि मंजुरी

शहरास वीज पुरविणाऱ्या मध्यप्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय पोलोग्राउंडला असले, तरी आपला नित्याचा संबंध वस्तीच्या झोन कार्यालयाशी येतो. घर नुकतेच खरेदी केले असल्यास वीजबिलावरील नावाचा फेरबदल आधी करून घ्यावा आणि मग योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करावा. 10 किलोवॉटपर्यंतच्या संचास तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट 2024 च्या सुधारित नियमांनी उठविली आहे. मात्र मंजुरी सुलभ झाली म्हणून जोडणी निर्धोक झाली, असे मानू नये.

जोडणी कोठे करावी

सौरसंच नसलेल्या घरात प्रवाह मीटरकडून एकाच वाटेने येतो आणि 32 अँपिअरची मुख्य एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप तुटणारी कळ) पुढच्या साऱ्या तारांची राखण करते. 3 किलोवॉटचा इन्व्हर्टर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर देतो. तो घरातील वितरणपेटीतच कोठेतरी जोडला, तर कंपनीचे 32 आणि छपरावरचे 13 मिळून 45 अँपिअर बसबारच्या, म्हणजे पेटीतील एमसीबींना जोडणाऱ्या धातूपट्टीच्या, एकाच भागातून वाहू शकतात, आणि मुख्य एमसीबीतून 32 च जात असल्यामुळे तिला त्याची वार्ताही लागत नाही. म्हणून सौर एमसीबी बसबारच्या दुसऱ्या टोकास, मुख्य एमसीबीच्या विरुद्ध बाजूस बसवावी, म्हणजे दोन्ही प्रवाहांची बेरीज कोणत्याही एका जागी होत नाही.

जोडणी मुख्य स्विचच्या आधी, मीटरजवळ करावयाची असल्यास सौर वाटेची स्वतंत्र एमसीबी त्या सांध्यापाशीच हवी. शॉर्टसर्किट झाल्यास इन्व्हर्टर आपल्या क्षमतेहून फारसा अधिक प्रवाह देत नाही. तार जाळणारा प्रवाह येतो तो रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडून, आणि छपरावरच्या एसीडीबीतील (एसी वितरणपेटीतील) एमसीबी खाली मीटरपर्यंतच्या तारेस त्यापासून वाचवू शकत नाही. 13 अँपिअरची सव्वापट 16 हून किंचित अधिक होते, म्हणून एमसीबी 20 ची घ्यावी आणि तार उन्हाळ्यातही 20 अँपिअर निर्धास्त वाहणारी असावी. मीटरचे सील कंपनीच्या माणसाखेरीज कोणी तोडू नये.

छपरावरील दक्षता

सहा पॅनेल एका मालिकेत जोडली की सुमारे 300 व्होल्टचा डीसी दाब निर्माण होतो. एसीचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, सबब तेथे डीसीसाठीच बनविलेली एमसीबी लागते. पॅनेलचा शॉर्टसर्किट प्रवाह नित्याच्या प्रवाहाहून थोडासाच अधिक असतो. त्यामुळे एकाच मालिकेच्या संचात केवळ फ्यूजवर भिस्त ठेवणे व्यर्थ होय, तीन वा अधिक मालिका समांतर असल्या म्हणजे मात्र प्रत्येकीस फ्यूज अवश्य पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पेटीतील एमसीबी अकारण पडू लागल्यास मोठी एमसीबी बसवू नये, पेटी सावलीत हलवावी. काळी माती सुकून भेगाळते तेव्हा अर्थिंगचा रोध वाढतो. त्याचे मापन उन्हाळ्यातच करून घ्यावे. आणि वीज गेल्यावर संचही बंद पडतो, तो बिघाड नव्हे. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या प्राणरक्षणार्थ केलेली ती तरतूद आहे.

अखेरची विनंती एवढीच, की प्रत्येक एमसीबीची जागा व अँपिअर आणि प्रत्येक तारेची जाडी दाखविणारा लेखी नकाशा ठेकेदाराकडून सहीनिशी घ्यावा, त्याची एक प्रत मीटरच्या पेटीत चिकटवावी, आणि तोपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.