दाव्याची गाठ

सुप्याच्या माळावर पवनचक्क्या बघत मी वाढले. पुण्याला कॉलेजात गेल्यावर गिर्यारोहणाच्या वर्गात नाव घातलं. तीन वर्षं सह्याद्रीत फिरले, मग उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स केला. त्यातून गाठीला राहिलं ते असं.

१. आपला जिल्हा आपल्याला ठाऊक असतो, हा माझा समज पहिल्याच पावसाळी शिबिरात वाहून गेला. आमच्या पारनेर तालुक्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या घाटघरला याच्या कितीतरी पट. तिथे मी जीन्स घालून गेले होते. तासाभरात ती भिजून जड झाली आणि वाऱ्यात थंडी हाडापर्यंत गेली. सुती कपडा अंगावर वाळत नाही, अंगाची ऊब मात्र ओढून घेतो. तेव्हापासून खताच्या गोणीच्या आतली प्लास्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन मी सॅकला आतून अस्तरासारखी लावते. कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅग त्यात.

२. बोलाइनची गाठ मला येईना. रोपचा फास करायचा, त्यातून टोक वर काढायचं, उभ्या दोराला मागून वळसा घालायचा आणि त्याच फासातून खाली आणायचं. ऐकायला सोपं, पण बोटं ऐकत नव्हती. सुट्टीत घरी ओसरीवर सराव करत बसले होते. आजोबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आण इकडं." त्यांनी डोळे मिटून ती गाठ मारली. बैलाच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ! म्हणाले, "सरकफास घालायचा नाही गं बाई. जनावरानं हिसडा दिला तर गळा आवळतो. ही गाठ सरकत नाही, आणि कितीही ताणली तरी सुटायला सोपी." गिर्यारोहणाच्या वर्गात सरांनी फळ्यावर हेच सांगितलं होतं. पुढे उत्तरकाशीजवळ टेखल्याच्या खडकांवर ती गाठ मारताना माझ्या डोळ्यापुढे आजोबांची भेगाळलेली बोटं होती. जे शिकायला मी एवढ्या लांब गेले, त्यातलं थोडं आमच्या गोठ्यात खुंटीला टांगलेलं होतं आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

३. जड सामान पाठीला लागून, खांद्यांच्या जरा खाली. एवढं जमलं की निम्मी दमछाक वाचते.

४. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घालायचं असतं. मला पहिल्यांदा पुढे घातलं तेव्हा अपमान वाटला, डोळे भरून आले. मागे दहा जण माझ्या पावलांवर चालत होते आणि कुणीही घाई करत नव्हतं. संध्याकाळी सगळे एकदम मुक्कामी पोचलो. अशी सोबत मला आधी कधी मिळाली नव्हती.

५. पाण्याची किंमत सुपेकरांना शिकवावी लागत नाही, असं मला वाटायचं. पण टँकरची वाट बघणं वेगळं आणि गडावरचं टाकं राखणं वेगळं. हरिश्चंद्रगडावर खडकात कोरलेल्या टाक्यांचं पाणी आजही लोक पितात. त्यात हात-पाय धुवायचे नाहीत, भांडी बुडवायची नाहीत. शौचाला पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीनं बुजवायचा. मुलींना हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही. आमच्या वर्गातल्या एका ताईनं सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी शिबिरात पोटभर पाणी प्यायला लागले.

६. परतायची वेळ ठरवून ती पाळणं हे मला सर्वांत जड गेलं. एकदा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर रेंगाळलो आणि उतरताना अंधार झाला, वाट चुकली. पायथ्याच्या पाचनईत जेवण सांगून ठेवलं होतं. आम्ही वेळेत आलो नाही म्हणून त्या घरचे काका बॅटरी घेऊन निम्म्या वाटेपर्यंत वर आले होते. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "भाकरी निवल्या."

गडावर निघाल तेव्हा पायथ्याच्या गावात कुणाला तरी परतायची वेळ सांगून जा. आणि त्या वेळेला परत या.